परंपरा आणि व्यासपीठ : एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्याच्या सभा



'सभा' हा शब्द आपल्या देशात फार प्राचीन आहे. परंतु आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो तो अर्थ मात्र दीडदोनशे वर्षांपेक्षा जुना नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बंगालमध्ये विद्वानांचे एकत्र येणे हे मुख्यत: दोन प्रकारचे असे. धनिकांच्या घरी श्राद्धादी प्रसंगी निरनिराळ्या टोलांतील, म्हणजे संस्कृत पाठशाळांतील, पंडितांना आमंत्रण जाई. न्याय किंवा स्मृती यांतील एखाद्या कूट प्रश्नावर वाद होई आणि ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे बिदागी मिळे. दुसरा प्रकार कथकांचा. गावच्या मंडपात पुराणातील आख्यान गाऊन व समजावून सांगणारा कथक आणि त्याच्यासमोर बसलेला, बहुतांशी निरक्षर पण बहुश्रुत असा समाज, हे बंगालचे खरेखुरे लोकविद्यापीठ होते. पहिल्या प्रकारात प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त पंडितांना होता. दुसऱ्यात श्रोत्याने ऐकावे, रडावे, हसावे, पण विरोध करावा अशी कल्पनाच नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात जी नवी सभा जन्माला आली ती या दोहोंहून वेगळी होती. तिला वार व वेळ ठरलेली असे, वर्गणी असे, अध्यक्ष व चिटणीस असत, मागील बैठकीचा वृत्तांत वाचला जाई आणि निबंध वाचून झाल्यावर त्यावर बोलण्याची मुभा उपस्थितांना असे. ही पद्धत इंग्रजांकडून आली, हे उघड आहे. ती सुधारकांनी उचलली यात नवल नाही. नवल हे की, परंपरेचे अभिमानी म्हणवणाऱ्यांनीही ती तितक्याच तत्परतेने उचलली. परंपरेने व्यासपीठावर येऊन आपली बाजू मांडण्याचे मान्य केले, तेव्हा तिने नकळत आणखीही एक गोष्ट मान्य केली. ज्याची बाजू मांडावी लागते त्याला प्रश्नही विचारला जाऊ शकतो, ही ती गोष्ट होय. तिचे परिणाम कसे झाले आणि या सभागृहांत कोणाचा आवाज पोहोचला व कोणाचा पोहोचला नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ एका दु:खद विषयापासून करावा लागतो. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी सती जाण्याची चाल बेकायदा ठरवणारा कायदा केला. त्याला विरोध करण्यासाठी कलकत्त्यातील प्रतिष्ठित हिंदू गृहस्थ १७ जानेवारी १८३० रोजी संस्कृत कॉलेजात एकत्र जमले आणि 'धर्मसभा' स्थापन झाली. भवानीचरण बंद्योपाध्याय हे तिचे चिटणीस. 'समाचार चंद्रिका' हे त्यांचे वृत्तपत्र १८२२ पासून चालू होते. तेच आता सभेचे मुखपत्र बनले. सभेने वर्गणी जमवली, सह्यांचे अर्ज तयार केले, इंग्रज वकील नेमला आणि विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. १८३२ साली ते अपील फेटाळले गेले. राममोहन राय त्या वेळी इंग्लंडातच होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. धर्मरक्षणासाठी जी साधने वापरली गेली, ती छापखाना, वर्गणी, ठराव, अर्ज आणि अपील ही होती. यांपैकी एकही साधन परंपरागत नव्हते. विरुद्ध बाजूला बहिष्कृत करण्याचे जुने शस्त्रही धर्मसभेने उगारून पाहिले. परंतु लाखोंच्या वस्तीच्या नव्या शहरात, जेथे एकाच कचेरीत निरनिराळ्या मतांचे लोक शेजारी बसून काम करीत, तेथे ते शस्त्र बोथट ठरले. उरला तो युक्तिवाद. आणि युक्तिवादाच्या क्षेत्रात राममोहन राय आधीच उतरलेले होते. १८१८ पासून त्यांनी या विषयावर ज्या पुस्तिका लिहिल्या त्यांत त्यांचा मुख्य आधार इंग्रजी ग्रंथांचा नव्हता, स्मृतींचाच होता. परंपरेविरुद्ध परंपराच साक्षीला बोलावली गेली होती.

धर्मसभेचे अग्रणी राजा राधाकांत देव यांचे चरित्र पाहिले म्हणजे 'सनातनी' या एका शब्दात माणसे किती अपुरी मावतात हे कळून येते. सतीबंदीला विरोध करणारे हे गृहस्थ १८१७ साली सुरू झालेल्या हिंदू कॉलेजचे अनेक वर्षे संचालक होते. स्कूल बुक सोसायटी व स्कूल सोसायटी या संस्थांत त्यांनी इंग्रजांच्या बरोबरीने काम केले. मुलींना शिकवावे असे त्यांचे मत होते आणि त्यांच्याच उत्तेजनाने गौरमोहन विद्यालंकार यांनी 'स्त्रीशिक्षाविधायक' हे पुस्तक १८२२ साली लिहिले. 'शब्दकल्पद्रुम' हा त्यांचा प्रचंड संस्कृत कोश १८२२ ते १८५८ या काळात आठ खंडांत बाहेर पडला. विद्वत्ता होती, दातृत्व होते, शिक्षणाची खरी कळकळ होती. तरीही ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाची चळवळ उभारली तेव्हा तिच्याविरुद्धचा अर्ज याच राधाकांतांच्या पुढारीपणाखाली गेला. त्यावर तीस हजारांहून अधिक सह्या होत्या, तर विद्यासागरांच्या अर्जावरील सह्या हजाराच्या आत होत्या. १८५६ साली कायदा झाला तो विद्यासागरांच्या बाजूने. विद्यासागरांनीही आधार घेतला तो पराशरस्मृतीचाच. ज्या स्त्रियांच्या जीवनमरणाचा व पुनर्विवाहाचा हा सारा वाद होता त्यांच्यापैकी मात्र एकीनेही या सभांत तोंड उघडलेले नाही; कारण त्या तेथे नव्हत्याच.

धर्मसभेच्या विरुद्ध टोकाला हिंदू कॉलेजातील तरुण होते. हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ या तरुण शिक्षकाच्या प्रेरणेने १८२८ साली 'अकॅडेमिक असोसिएशन' ही वादसभा सुरू झाली. दैव आणि पुरुषार्थ, मूर्तिपूजा, सत्याचे स्वरूप अशा विषयांवर तेथे वाद होत. १८३१ साली कॉलेजच्या संचालकांनी डिरोझिओला राजीनामा द्यावयास लावले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. परंतु वादाची सवय त्याच्या शिष्यांच्या अंगवळणी पडली होती. १८३८ मध्ये त्यांनी सर्वसाधारण ज्ञानाच्या संपादनासाठी एक सभा स्थापन केली. इतिहास, भूगोल, समाजस्थिती यांवर तेथे बंगालीत व इंग्रजीत निबंध वाचले जात.

या सभेच्या ८ फेब्रुवारी १८४३ च्या बैठकीचा प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. दक्षिणारंजन मुखोपाध्याय हे कंपनी सरकारची फौजदारी न्यायालये व पोलीस यांच्या अवस्थेवर निबंध वाचीत होते. हिंदू कॉलेजचे प्राचार्य कॅप्टन रिचर्डसन श्रोत्यांत होते. निबंध अर्ध्यावर आला असता ते उठले आणि कॉलेजच्या दालनाला राजद्रोहाचा अड्डा होऊ देणार नाही, अशा अर्थाचे बोलले. रिचर्डसन हे साहित्याचे नामांकित अध्यापक. तेथे बसलेल्या कित्येकांना त्यांचा आदर होता. परंतु अध्यक्षस्थानी असलेले ताराचंद चक्रवर्ती डगमगले नाहीत. आपण येथे पाहुणे आहात, सभेच्या सदस्याला बोलताना अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि आपण आपले शब्द मागे घेतले पाहिजेत, असे त्यांनी प्राचार्यांना शांतपणे बजावले. एका हिंदी अध्यक्षाने सभेच्या नियमाच्या बळावर एका इंग्रज अधिकाऱ्याला खाली बसण्यास सांगावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सभेचा नियम हा वक्त्याच्या मताहून मोठा असतो आणि तो श्रोत्याच्या अधिकारपदाहूनही मोठा असतो, हा धडा कलकत्त्याने त्या दिवशी घेतला.

असे खटके उडू नयेत म्हणून पुढे वेगळा मार्गही काढण्यात आला. डिसेंबर १८५१ मध्ये डॉ. मौअट यांच्या पुढाकाराने 'बेथून सोसायटी' स्थापन झाली. तिच्या नियमांत धर्म व राजकारण हे दोन विषय वर्ज्य होते. इंग्रज व हिंदी विद्वान तेथे एकत्र बसत. साहित्य, विज्ञान, शिक्षण, आरोग्य यांवर उत्तम व्याख्याने होत. शिष्टाचार टिकला, ज्ञानाचा प्रसारही झाला. पण ज्या दोन विषयांनी लोकांची झोप उडवली होती तेच दाराबाहेर ठेवल्यामुळे, त्यांची चर्चा स्वाभाविकपणेच दुसऱ्या सभागृहांत गेली. आणि तेथे प्राय: एकाच मताचे लोक जमू लागले.

या दुसऱ्या सभागृहांतील सर्वांत लक्षणीय वक्ता म्हणजे राजनारायण बसू. त्यांचा जन्म १८२६ चा. तरुणपणी तेही हिंदू कॉलेजच्या वातावरणात वाढले. मित्रांसमवेत गोलदिघीच्या काठी मद्य पिणे व निषिद्ध मांस खाणे यालाच सुधारणा समजण्याचा काळ त्यांनी अनुभवला होता आणि उतारवयात आत्मचरित्रात तो प्रांजळपणे लिहूनही ठेवला. पुढे देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या सहवासात ते ब्राह्म झाले. १८५१ पासून पंधरा वर्षे ते मेदिनीपूरच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होते. विधवाविवाहाचा कायदा झाल्यावर त्यांनी आपल्या सख्ख्या व चुलत भावांचे विवाह विधवांशी लावून दिले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. अशा या सुधारकाला मेदिनीपुरात एक निराळीच चिंता वाटू लागली. शिकलेला मनुष्य आपली भाषा, आपले अन्न, आपला व्यायाम, आपले संगीत या सर्वांनाच तुच्छ लेखू लागला, तर सुधारणा करावयाची ती कोणाची, हा प्रश्न त्यांना पडला.

त्यांनी मेदिनीपुरात एक लहानशी सभा काढली. तिचे सदस्य एकमेकांना 'गुड नाइट' न म्हणता 'सुरजनी' म्हणत आणि बंगालीत बोलताना इंग्रजी शब्द घुसडला तर दर खेपेस एक पैसा दंड भरत. १८६६ साली त्यांनी सुशिक्षितांत राष्ट्रीय भावना वाढवणाऱ्या संस्थेची एक योजना प्रसिद्ध केली. देशी व्यायाम, देशी वैद्यक, देशी संगीत, संस्कृत व बंगालीचा अभ्यास हे तिचे विषय होते. ती योजना मात्र इंग्रजीत लिहिलेली होती, कारण ज्या वर्गासाठी ती होती त्याला गंभीर विषय इंग्रजीतच वाचण्याची सवय जडली होती. रोगाचे निदान आणि रोगाचे लक्षण एकाच कागदावर उमटले होते असे म्हटल्यास चालेल.

याच योजनेपासून स्फूर्ती घेऊन नवगोपाल मित्र यांनी ठाकूर कुटुंबाच्या साहाय्याने १८६७ च्या चैत्र संक्रांतीला 'हिंदू मेळा' भरवला. देशी कारागिरीचे व शेतीमालाचे प्रदर्शन, कुस्त्या, गीते, कवितावाचन आणि व्याख्याने असा त्याचा थाट असे. सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी या मेळ्यासाठी लिहिलेले भारतगीत बंगालभर गाजले. हे सत्येंद्रनाथ म्हणजे सनदी सेवेत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या नोकरीचा काळ मुंबई इलाख्यात गेला आणि तुकारामांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७५ च्या मेळ्यात तेरा वर्षांच्या रवींद्रनाथांनी आपली कविता वाचली. मात्र मेळ्याच्या नावातच त्याची मर्यादाही होती. 'राष्ट्रीय' आणि 'हिंदू' हे दोन शब्द समानार्थी मानून चालणाऱ्या या मंडपात बंगालच्या निम्म्या लोकसंख्येला, म्हणजे मुसलमान शेतकऱ्याला व विणकराला, स्थान कोणते याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. ज्या कापडाचे कौतुक प्रदर्शनात होई ते विणणाऱ्यांत मुसलमान जुलाहेही होते.

मेळ्याबरोबरच 'जातीय सभा' चालत असे व तिच्या विद्यमाने व्याख्याने होत. सप्टेंबर १८७२ मध्ये राजनारायण बसूंनी येथेच 'हिंदू धर्माची श्रेष्ठता' या विषयावर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी देवेंद्रनाथ होते. त्याच वर्षी विवाहाचा एक नवा कायदा झाला होता. त्याखाली विवाह करणाऱ्यास आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना ते मान्य होते, देवेंद्रनाथ व राजनारायण यांना नव्हते. हिंदू धर्म एका व्यक्तीच्या नावावर चालत नाही, तो ईश्वर व भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ मानीत नाही, निष्काम उपासना शिकवतो, परधर्माविषयी सहिष्णू आहे, अशी कारणे त्यांनी एकामागून एक मांडली. ज्यांनी ब्राह्मांना आजवर पाखंडी ठरवले होते त्या सनातन्यांना या व्याख्यानाने हर्ष झाला. मिशनरी व तरुण ब्राह्म चिडले. त्यांच्याकडून उत्तरे आली. राजनारायणांनी ज्या धर्माची थोरवी गायिली तो उपनिषदांचा एकेश्वरी धर्म होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात चाललेला धर्म तो नव्हे. वक्ता एका गोष्टीचे समर्थन करीत असता श्रोते दुसऱ्याच गोष्टीचे समर्थन ऐकतात, हा व्यासपीठाचा जुना धोका आहे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी 'तो काळ आणि हा काळ' अशा अर्थाच्या विषयावर जे व्याख्यान दिले, ते 'सेकाल आर एकाल' या नावाने १८७४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि आजही वाचनीय आहे. जुन्या पाठशाळेतील गुरुजी व त्यांच्या शिक्षा, शब्दांच्या याद्या पाठ करून इंग्रजी शिकलेले कारकून व त्यांच्या भाषेच्या गमती, पूर्वीच्या लोकांची शरीरसंपत्ती, नव्यांची मद्यासक्ती व अनुकरणप्रियता या सर्वांचे चित्र त्यात आहे. त्यात विनोद आहे, हळहळ आहे. पण जुने ते सर्व सोने, असा आंधळा आग्रह नाही. परंपरेच्या बाजूने बोलणारा मनुष्य जेव्हा स्वत:च्या आठवणीतून बोलतो तेव्हा तो न्यायी होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

आता अशा एका प्रसंगाकडे वळावयाचे, की ज्याने या सर्व सभागृहांची घडीच बदलली. १८७८ साली वीस वर्षांची एक तरुणी आपल्या भावाबरोबर भारतभर पायी हिंडत कलकत्त्यास पोहोचली. अनंतशास्त्री डोंगरे या चित्पावन ब्राह्मण पंडिताची ही कन्या रमा. अनंतशास्त्र्यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नीला संस्कृत शिकवले होते आणि आईने मुलीला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले. भाऊबहीण पुराणे सांगत फिरत राहिली. कलकत्त्याच्या पंडितांनी सिनेट हॉलमध्ये तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या तिला दिल्या. जेथे आजवर स्त्रियांविषयी बोलले जात होते तेथे एक स्त्री बोलू लागली. आणि तीही इंग्रजी शिकून आलेली नव्हे, तर शास्त्रांच्याच भाषेत बोलणारी.

पडद्यातील स्त्रियांना शास्त्रांप्रमाणे त्यांचे धर्म समजावून सांगावेत, असा आग्रह तिला तेथे करण्यात आला. विनंती करणाऱ्यांचा हेतू परंपरेचे रक्षण हाच होता. व्याख्यानांच्या तयारीसाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचावयास घेतले आणि तेथेच त्यांच्या मनात पहिली शंका निर्माण झाली. पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे की, इतर सर्व बाबतीत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रियांच्या व शूद्रांच्या हीनपणाबाबत मात्र एकमत होते. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य महाराष्ट्राला परिचित आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांचा गौरव करणाऱ्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. परंतु कलकत्त्यातील त्या व्याख्यानांचा अर्थ धर्मांतराच्या वादात हरवू देता कामा नये. परंपरेने आपला ग्रंथ विश्वासाने एका स्त्रीच्या हाती दिला, तिने तो खरोखरच वाचला, आणि वाचल्यावर प्रश्न विचारला. शिक्षणसभेचे याहून मोठे यश कोणते? आणि ते यश पचवता न येणे याहून मोठे अपयश तरी कोणते?

१८८० नंतरच्या दशकात वारे फिरले. १८८४ साली पंडित शशधर तर्कचूडामणी यांची व्याख्याने कलकत्त्यात गाजू लागली. अल्बर्ट हॉल गर्दीने फुलून जाई. शेंडी, टिळा, उपवास, तिथी यांच्यामागे विद्युत् व चुंबकशक्ती यांची गूढ कारणे आहेत, असे ते प्रतिपादन करीत. कारकुनी करणाऱ्या, कचेरीत अपमान सोसणाऱ्या मध्यमवर्गाला हे ऐकून धीर येई, हे समजण्यासारखे आहे. परंतु राधाकांत देवांच्या पिढीने शास्त्राचा आधार शास्त्रानेच दिला होता. आता शास्त्राला पाश्चात्त्य विज्ञानाचे प्रमाणपत्र हवेसे झाले. आरंभी या व्याख्यानांकडे कुतूहलाने पाहणारे बंकिमचंद्र लवकरच दूर झाले. हिंदू धर्माचे समर्थन त्यांनीही केले, पण स्वतंत्र बुद्धीने. समुद्रप्रवासाच्या वादात राधाकांतांच्याच घराण्यातील विनयकृष्ण देव यांनी त्यांचे मत विचारले, तेव्हा १८९२ साली त्यांनी उत्तर दिले ते असे की, केवळ शास्त्रवचनांच्या आधाराने समाजसुधारणा करता येते असे आपल्याला वाटत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्याने अभूतपूर्व सभा पाहिली होती. १८९० मध्ये फुलमणी दासी ही दहाअकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे मरण पावली. पती पस्तिशीचा होता. मुलीला दहा वर्षे पूर्ण झाल्यामुळे तत्कालीन कायद्याने तो बलात्कार ठरत नव्हता. संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक आले आणि त्याविरुद्ध फेब्रुवारी १८९१ मध्ये मैदानावर प्रचंड जनसमुदाय लोटला. धर्म बुडाला, अशी हाक उठली. महाराष्ट्रातही हाच वाद पेटला होता. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मूळ संस्कृत वचने काढून, कायदा धर्मशास्त्राच्या विरुद्ध नाही असे दाखवून दिले, तर लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारने या बाबतीत हात घालू नये अशी भूमिका घेतली. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. परकीय सत्तेच्या हस्तक्षेपाविषयीची चीड खरी होती, ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु त्या विराट सभेत फुलमणीचे स्थान कोणते होते? तिच्याविषयी सत्य बोलले गेले ते न्यायालयात. तिच्या आईने व नात्यातील स्त्रियांनी दिलेल्या साक्षीत. मैदानावरील हजारो कंठांनी जे सांगितले नाही ते त्या अशिक्षित स्त्रियांच्या चार वाक्यांनी सांगितले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या परंपरेला अधिक शिस्तबद्ध रूप आले. सतीशचंद्र मुखोपाध्याय यांनी १८९७ पासून 'डॉन' हे मासिक चालवले होते. १९०२ साली त्यांनी 'डॉन सोसायटी' काढली. विद्यापीठाचे शिक्षण हे पाठांतराचे व निर्जीव झाले आहे, ही त्यांची तक्रार होती. दर आठवड्यास एक वर्ग गीतेचा व एक सर्वसाधारण ज्ञानाचा असे. इतिहास, अर्थकारण, कला, नागरिकाची कर्तव्ये हे विषय असत. भगिनी निवेदितांसारखे वक्ते येत. येथील खरा विशेष असा की, विद्यार्थ्याला नुसते ऐकून घरी जाता येत नसे. ऐकलेल्या व्याख्यानाचा सारांश त्याने स्वत: लिहावयाचा आणि तो सतीशबाबूंनी तपासावयाचा. राजेंद्रप्रसाद, राधाकुमुद मुखर्जी, विनयकुमार सरकार हे याच वर्गांतून गेले. विद्यार्थ्यांनी चालवलेले देशी मालाचे दुकानही सोसायटीला जोडलेले होते. १९०६ साली राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली तेव्हा तिला लागणारी माणसे येथे आधीच तयार होती.

याच सुमारास बंगालच्या व्यासपीठावर महाराष्ट्राचा इतिहास आला. देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात जन्मलेले व बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सवाला चालना दिली. राजनारायण बसूंच्या देवघरातील उत्तरायुष्यात देऊस्करांना त्यांचा सहवास लाभला होता, हा धागा येथे जुळतो. ज्या बंगालमध्ये १७४२ नंतरच्या बारगिरांच्या स्वाऱ्यांची, 'बर्गीं'ची, धास्ती मुलांना निजवण्याच्या गाण्यांत उतरली होती, तेथे शिवाजीमहाराजांचा उत्सव व्हावा, हे इतिहासाचे एक नवे वाचन होते. त्याने दोन प्रांत जवळ आले; परंतु १९०६ मध्ये टिळकांच्या उपस्थितीत झालेल्या उत्सवात भवानीपूजेचा समावेश झाला, तेव्हा मुसलमान व काही ब्राह्म मंडळी अस्वस्थ झाली. इतिहासाच्या सभेत काय आठवावयाचे व काय विसरावयाचे, हे सर्वांनी मिळून ठरवले नाही तर जवळ आणणारी स्मृतीच दूर लोटू लागते.

या सर्व प्रवासाचे सार रवींद्रनाथांच्या एका व्याख्यानात एकवटले आहे. बंगालमधील पाणीटंचाईवर सरकारने आपले मत प्रसिद्ध केले होते. त्या निमित्ताने २२ जुलै १९०४ रोजी मिनर्व्हा थिएटरमध्ये रमेशचंद्र दत्त यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी 'स्वदेशी समाज' हा निबंध वाचला. इतकी गर्दी झाली की, थोड्याच दिवसांत तो पुन्हा कर्झन थिएटरमध्ये वाचावा लागला. आपल्या देशात तळी खोदणे, पाठशाळा चालवणे, अतिथीची सोय पाहणे ही कामे राजाची नव्हती, समाजाची होती. ती शक्ती समाजाने गमावली आणि आता तो प्रत्येक गोष्टीसाठी सरकारच्या दाराशी उभा आहे, असे त्यांचे निदान होते. उपायही त्यांनी जुन्यातूनच काढला. शहरात इंग्रजी भाषणे करण्यापेक्षा खेड्यांतील मेळ्यांत जावे, जात्रा व कथकता यांचा उपयोग करावा, मॅजिक लँटर्नने चित्रे दाखवून आरोग्याची माहिती द्यावी, हिंदू व मुसलमान यांना तेथेच एकत्र आणावे. चौदाव्या वर्षी हिंदू मेळ्यात कविता वाचणाऱ्या मुलाने तीस वर्षांनी त्या मेळ्याचे दार रुंद करून दाखवले होते.

पंडितसभेपासून मिनर्व्हा थिएटरपर्यंतचा हा मार्ग पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्याचा अभिमान बाळगणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. राधाकांत, राजनारायण, बंकिमचंद्र, सतीशचंद्र यांच्यापैकी कोणीही अज्ञ नव्हता. आपल्याजवळ जे आहे त्याची पारख न करता ते टाकून देऊ नये, हे त्यांचे सांगणे आजही ऐकण्यासारखे आहे. पण पारख म्हणजे परीक्षा आणि परीक्षेत प्रश्न विचारणारा हवाच. ताराचंद चक्रवर्तींनी सभेत बोलणाऱ्याचा हक्क राखला. रमाबाईंनी ऐकणाऱ्याचा, वाचणाऱ्याचा आणि उलट विचारणाऱ्याचा हक्क बजावला. फुलमणीला यांपैकी काहीच मिळाले नाही.

आज गावोगावच्या ग्रंथालयांत, मंदिरांच्या आवारांत, महाविद्यालयांच्या दालनांत इतिहासावर व संस्कृतीवर व्याख्याने होतात आणि श्रोते ती आवडीने ऐकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. व्याख्यान संपल्यावर आभारप्रदर्शनापूर्वी काही क्षण मोकळे ठेवण्याची प्रथा त्यांतील कित्येक ठिकाणी आहे. ते क्षण घाईने उरकू नयेत. ज्यांच्याविषयी घटकाभर बोलणे झाले त्यांच्यापैकी कोणी मागच्या रांगेत बसले असेल, तर त्यांना उठून बोलण्यास तेवढाच अवकाश असतो.